हळदूची दाढ

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडाबाहेर पडली नाही. बायकोले नाही सांगतली, पोरीले नाही, देवाले बी नाही — देवापुढं उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी बोलत होतो. तुम्ही पहिले. तुम्ही कोण हे मले माहीत नाही, अन् ते बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अडते.

मी सुतार. चौथीपर्यंत शिकलो, लिहिण्यात चुका असतीन, असू द्या. माझा बाप वर्ध्याकडून जबलपूरले कामासाठी आला अन् इथलाच झाला. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात माझं दुकान होतं — दारं, चौकटी, दिवाण, देवघरं. आता वय चौऱ्याहत्तर, दुकान बंद. शांता, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. घरात मी एकटा. पोरगी वर्षा राईट टाऊनले राहते, एक दिवसाआड स्कूटीवर येऊन डबा ठेवून जाते, अन् भांडून जाते.

आठ दिवस झाले, माझी अक्कलदाढ काढली. डाव्या अंगाची, खालची, सगळ्यात मागची. या वयात? हो, या वयात. लोकाले वाटते हे जवान पोट्ट्यायचं दुखणं. तसं नाही. कोणाकोणाची दाढ हिरडीत अर्धी अडकून बसते, वीस-पंचवीस वर्षं काही बोलत नाही, अन् माणूस म्हातारा झाला की मग आपलं रूप दाखवते. तिच्या फटीत अन्न अडकते, हिरडी सुजते, तोंडाले वास येते, शेजारचा चांगला दात बी सडते.

तं ती निघाली. तोंड हलकं झालं. पण मले हे जे हलकं वाटून राहिलं, ते तेवढ्यानं नाही. म्हणजे दाढेपायीच आहे, पण — थांबा. सुरुवातीपासून सांगतो. नाही तं मी मधातूनच पळून जाईन. मले पळायची सवय आहे, हे तुम्हाले पुढं कळनच.

पंधरा वर्षं झाली असतीन. पहिले शांताची दाढ दुखायले लागली. तिचं वय तेव्हा पंचावन्न-छप्पन. ती कधी काही बोलणारी बाई नव्हती. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करे, लवंग दाबून धरे, अन् एका बाजूनं जेवे. मले किती दिवसांनी समजलं? सात-आठ महिन्यांनी. तेही असं की एक दिवस भाकर भाजता भाजता तिनं गालाले हात लावला अन् तवा सोडून भिंतीले टेकून उभी राहिली. भाकर जळाली. शांताच्या हातची भाकर जळाली म्हणजे काहीतरी मोठं आहे, एवढं मले कळे.

त्याच दिवसांत माझी बी दुखू लागली. तीच बाजू, तीच दाढ. माझा साळा हसे — म्हणे, भाऊजी, साठीले आले तेव्हा अक्कल येऊन राहिली काय. मी बी हसे. पण आतून मले भेव होतं. लय भेव. डॉक्टरचं नाही, सुईचं नाही. त्या पकडीचं.

आता हे सुताराशिवाय दुसऱ्याले सांगून समजन का, माहीत नाही. मी जन्मभर लाकडातले खिळे उपटले. जुना, गंजलेला, वाकडा खिळा पकडीत धरून हलवला की लाकूड कसं कुरकुर करते, कसं चिरत जाते, अन् खिळा निघाला की तिथं केवढं भोक राहते — हे माझ्या हाताले पाठ होतं. शिसवीचं लाकूड असो की सागाचं, वाकडा खिळा काही घेतल्याशिवाय निघत नाही. अन् माझी दाढ वाकडी होती. मी तिले जिभेनं चाचपून पाहत होतो ना.

राईट टाऊनमधे एक नावाजलेला दातांचा डॉक्टर होता. आम्ही दोघं गेलो. त्यानं दोघांचे फोटो काढले, ते आतल्या हाडाचे काळे फोटो, अन् म्हणाला, दोघांच्याही काढाव्या लागतीन. जितका उशीर कराल तितकं हाड घट्ट होत जाईन, मग त्रास जास्त. शांताची तं आडवीच होती, पुढच्या दातावर डोकं टेकून झोपल्यासारखी.

बाहेर आलो तं शांता म्हणाली, "पहिले तुम्ही. तुमचं पाहीन, मग मी बसीन."

ती मजाक करून राहिली नव्हती. तिले सुईचं बी भेव होतं. पण माझ्या भरवशावर ती बसणार होती. मी म्हटलं, चल, त्यात काय. असं म्हणायले काय लागते?

ठरलेल्या दिवशी सकाळी गेलो. दवाखाना वर, जिन्यानं जायचं. आतल्या मशीनचा आवाज तिले सहन होत नव्हता म्हणून ती खाली, पानाच्या ठेल्याजवळच्या बाकावर बसली. मी वर गेलो. खुर्चीत बसलो. सुई दिली. डॉक्टर म्हणाला दहा मिनिटं लागतीन बधिर व्हायले, अन् पडद्यापलीकडं दुसऱ्या पेशंटकडं गेला. माझ्या डाव्या हाताले तबक होतं. त्यात ती होती. पक्कड. माझ्या दुकानातलीच जणू कोणी धुऊनपुसून आणून ठेवली.

पडद्यापलीकडून त्या माणसाचा आवाज आला. तो ओरडला नाही, नुसता कण्हला. अन् त्याच्यामागून तो दुसरा आवाज — लाकडाचा. कुर्र. माझ्या ओळखीचा.

मी जबडा हलवून पाहिला, बधिर झाला का म्हणून, तं माझाच गाल माझ्याच दाताखाली आला. दुखलं नाही. पण तोंडात खारट लागलं — रक्त. तबकातला कापूस घेतला, तोंडात कोंबला, अन् उठलो. कंपाउंडर म्हणाला, कहाँ चले दादा? मी हातानंच दाखवलं — येतो, लघवीले. अन् जिना उतरलो.

मी तेव्हा काय ठरवलं होतं? काहीच नाही. खरं सांगतो. शांताले म्हणणार होतो की चक्कर आली, उद्या येऊ. पण मी खाली उतरलो तशी ती बाकावरून उठली. माझं तोंड एका बाजूनं लटकलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, अन् कापूस लाल. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "काढली?"

माझी जीभ बधिर. बोलता येत नव्हतं. मी मान हलवली.

बस. एवढंच. एक मान. ती उभी हलवली की आडवी, यावर माणसाची पंधरा वर्षं ठरतीन, असं कोणी मले सांगतलं असतं तं मी हसलो असतो.

तिनं भर रस्त्यात माझा हात धरला. आमच्यात असं कधी नव्हतं. लग्नाले पस्तीस वर्षं झाली होती अन् रस्त्यावर ती माझ्या चार पावलं मागंच चालत होती. त्या दिवशी तिनं हात धरला, ऑटो थांबवला, अन् घर येईपर्यंत सोडला नाही. मले ते आवडलं. तुम्ही माझी लाज काढा, पण आवडलं.

तुम्ही म्हणाल, भेवापायी मान हलवली, त्यात एवढं काय? मी बी मनाले हेच सांगत आलो. पण पुढची गोष्ट आहे. ती मी मनाले बी कधी पुरी सांगतली नाही.

दुसऱ्या दिवशी शांता म्हणाली, दाढ कुठं आहे? मी म्हटलं, काहून? तं म्हणे, आपल्या अंगाचं हाड आहे ते, उकिरड्यावर टाकतात काय? तिच्या आईचं सगळं असंच होतं — शरीराचं जे निघालं ते नदीत सोडायचं, हात जोडायचे, म्हणजे मागून त्रास होत नाही. वर्षाचे दुधाचे दात बी तिनं डबीत जमवून नर्मदेत सोडले होते. म्हणाली, डॉक्टरकडून घेऊन या, सोमवारी ग्वारीघाटले जाऊ.

मी म्हणू शकत होतो की डॉक्टरनं फेकून दिली. म्हणू शकत होतो ना? पण ती म्हणाली असती, चला, मी विचारते. अन् ती गेली असती. मी म्हटलं, आणतो.

अन् मी दुकानात गेलो, शटर अर्धं खाली ओढलं, अन् दाढ बनवली.

हळदूचं लाकूड तुम्हाले माहीत आहे का? पिवळसर असते, बारीक पोताचं, त्याचे कंगवे बनतात. बिलकुल जुन्या दाताचा रंग. देवघराचे खांब करताना उरलेला तुकडा होता. पटाशीनं वरचे चार उंचवटे काढले, खाली दोन मुळ्या काढल्या, एक थोडी वाकडी. बारीक पॉलिशपेपर मारला. चहाच्या पाण्यात बुडवून काढली. माझ्या हातून त्याच्याहून चांगलं काम झालं नसन. पंधरा मिनिटं तं मी तिच्याकडं पाहतच बसलो, एवढी खरी दिसून राहिली होती.

मग ध्यानात आलं — लाकूड तरंगते.

शांता घाटावर उभी राहीन, फूल वाहीन, पाण्यात सोडीन, अन् दाढ वर येऊन डुलत डुलत जाईन. मग मी काय केलं? दोन मुळ्यांच्या मधात बारीक भोक पाडलं. त्यात लोखंडी खिळ्याचा तुकडा ठोकला. वरून भुसा अन् सरस भरून भोक बुजवलं. पाण्याच्या बादलीत टाकून पाहिली. सरळ तळाले गेली.

ही माझी गोष्ट आहे. मान हलवली ती भेवानं हलली. खिळा काही भेवानं ठोकला नाही. तो ठरवून, मोजून, बादलीत तपासून ठोकला.

सोमवारी ग्वारीघाटले गेलो. तिनं कापूस उघडून पाहिली. म्हणाली, "बाप्पा, केवढी मोठी वो. अन् तुम्ही चूं नाही केलं." तिनं ती कपाळाले लावली. माझ्या दाढेले — म्हणजे हळदूच्या त्या तुकड्याले — तिनं कपाळाले लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, अन् पाण्यात सोडलं. बुडली. तिनं डोळे मिटून हात जोडले. मी बी जोडले. मी काय म्हणालो असन नर्मदामायले? आठवत नाही. काही म्हणालो नसन.

त्यानंतर माझी कीर्ती झाली. शांता सगळ्याले सांगे. शेजारच्या दुबे भाभीले सांगे — हमारे ये तो चूं तक नहीं किए, दूसरे दिन दुकान पे थे. दुबे भाभी आपल्या नवऱ्याले सांगे, तो पानठेल्यावर सांगे. गोड लागत होतं मले. जन्मभर कोणी माझी तारीफ केली तं चौकटीची केली, दिवाणाची केली. माझी कोणी केली नव्हती.

मग तिची पाळी आली. ती तयार होती, माझ्या धीरावर. पण त्या डॉक्टरकडं तिले कसं नेऊ? तो म्हणाला असता, क्यों दादा, भाग गए थे? म्हणून मी शांताले म्हटलं, त्याचा हात जड आहे, मी सहन केलं, तुले नाही होणार. ओमती मोहल्ल्यात एक दुसरा होता, छोट्या खोलीत बसे. तिथं नेलं. त्या माणसाचा दोष मी काढत नाही. दाढ आडवी होती, हाडात रुतलेली, त्यानं त्याच्यापरीनं केलं. पण शहरातला चांगला सोडून मी तिले तिथं नेलं ते माझं पळणं झाकायले नेलं, हे तं खरं आहे ना?

दीड तास लागला. दीड तास. मी बाहेर उभा होतो. आतून तिचा आवाज येत नव्हता. मी दोनदा दार लोटून पाहिलं. तिनं खुर्चीचे हात धरले होते अन् पाय एकावर एक दाबून ठेवले होते. दाढ तुकड्यातुकड्यानं काढली. टाके घातले. बाहेर आली तं तिचा पदर घामानं ओला झाला होता. मले म्हणाली — बोलता येत नव्हतं तरी म्हणाली — "मले तुमच्यासारखं नाही जमलं. डोळ्यात पाणी आलं."

माझं तेव्हा तोंड उघडायले पाहिजे होतं. तिचं बंद झालं होतं, माझं तं चांगलं होतं.

तिचा गाल सुजला, जबडा दोन बोटं बी उघडे ना. मग काढलेल्या जागेचं हाड उघडं पडलं अन् जे दुखणं सुरू झालं ते दाढेच्या दुखण्याहून दुप्पट. पेज, ताक, पातळ वरण. रडे ती, पाठ करून. मी दुकानातून आलो की डोळे पुसून उठे.

अशातच वर्षाच्या पोराचं बारसं आलं. घर माणसांनी भरलेलं. पंगतीत बायकांनी शांताले आग्रह केला, एक पुरणपोळी तरी घ्या. तिनं छोटा घास तोंडात घातला, चावायले गेली, अन् तिच्या डोळ्यातून पाणी आलं. सगळे पाहायले लागले. कोणीतरी म्हणालं, अजून दुखते काय हो? तं मी — पुरुषांच्या पंगतीतून, सगळ्याले ऐकू जाईन असं — म्हणालो, "दाढच काढली, डोकं नाही काढलं. माझी बी काढली ना? मी रडत बसलो काय?"

लोक हसले. शांता बी हसली, गालाले पदर लावून. म्हणाली, यांचा धीर वेगळा, मी पहिल्यापासून भित्रीच.

हे वाक्य तिनं धरून ठेवलं. पुढं जन्मभर. कुठं काही लागलं, भाजलं, ताप आला, की म्हणे — मी भित्री, माझं ऐकू नका, मले थोडं बी जास्तच वाटते. वर्षाच्या वयाच्या बायका दाढ काढायले घाबरत तं त्यांना म्हणे, आमच्या यांच्याकडून शिका. अन् माझ्याकडं पाहे. मी मिशीवर हात फिरवे.

अन् माझी दाढ? ती तं तिथंच होती. तिले कुठं जायचं होतं? दर दोन-तीन महिन्यांनी सुजे. पण जी दाढ नर्मदेत बुडली ती दुखते म्हणून कोणाले सांगू? मी म्हणे, कान दुखते. शांता लसूण घालून तेल कोमट करे, कानात दोन थेंब सोडे, वरून कापूस लावे, अन् माझं डोकं मांडीवर घेऊन बसे. दुखे दाढ, तेल कानात. तेरा वर्षं माझ्या चांगल्या कानात तेल गेलं. आता लिहिताना मले हसू येऊन राहिलं, खोटं काहून बोलू. तेव्हा येत नव्हतं.

इथपर्यंतचं असतं तं मी कदाचित लिहिलं नसतं. पोट धरून हसण्यासारखी गोष्ट म्हणून कोणाले सांगतली असती.

अडीच वर्षांपूर्वी शांताले उजव्या बरगडीखाली दुखायले लागलं. किती दिवस? आम्हाले माहीत नाही. दुबे भाभीनं पाहिलं की ही कपडे वाळत घालताना वाकून उभी राहते. वर्षानं जबरदस्तीनं नेलं. तपासण्या झाल्या. पित्ताच्या थैलीचा कॅन्सर, अन् पसरलेला. डॉक्टरनं विचारलं, केव्हापासून दुखते? शांता म्हणाली, असन पाच-सहा महिन्यांपासून. वर्षा ओरडली, रडली, म्हणाली आई, बोलली काहून नाहीस?

तेव्हा ती वर्षाचेच डोळे पुसत राहिली. नंतर बोलली. वर्षा औषधं आणायले खाली गेली होती, दुपारची वेळ, वॉर्डात आम्ही दोघंच. मी मोसंबी सोलून राहिलो होतो. मी बी तेच विचारलं, मले तरी सांगायचं. तं म्हणाली, "म्हटलं माझं नेहमीचंच असन, थोड्याचं लय वाटते. एक डाव तुमच्यावाणी धरून पाहू."

मी मोसंबी सोलत राहिलो.

तुम्ही विचारा मले. विचाराच. त्या वेळी कोण होतं तिथं? कोणी नव्हतं. माझी जीभ बधिर होती काय? नव्हती. मी म्हणू शकत होतो, शांते, मी काही धरलं नव्हतं, मी जिन्यावरून पळालो होतो, तू ज्याले हात जोडले ते लाकूड होतं. तिले तेवढं तं समजलं असतं की ती ज्याच्यावाणी व्हायले पाहून राहिली तसा कोणी माणूसच नव्हता. मी तिच्या हातात मोसंबीची फोड दिली अन् म्हटलं, खा, बिया काढल्या आहेत.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. एकोणीस दिवसांत मी नाही बोललो.

डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तरी काही सांगता आलं नसतं, हा आजार तसाच असते. ते मले दिलासा द्यायले म्हणाले. मी तो घेतला नाही. ग्वारीघाटलेच तिच्या अस्थी सोडल्या. वर्षा मले म्हणाली, बाबा, हात जोडा. मी जोडले. त्याच पाण्यात.

आता हे सगळं आजच काहून लिहून राहिलो, ते सांगतो. मागल्या महिन्यात गाल एवढा सुजला की डोळा मिटला. कान कान म्हणालो, पण वर्षा आपल्या आईसारखी नाही, ती तेल आणत नाही. स्कूटीवर मागं बसवलं अन् दातांच्या डॉक्टरणीकडं नेलं. जवान पोरगी, पण शांत. तिनं फोटो काढला अन् काचेवर लावला. म्हणाली, दादा, ये अकल दाढ़ है, नीचे लेफ्ट. पुरानी है.

वर्षा म्हणाली, "नीचे लेफ्ट? बाबा, ही तं काढली होती ना? आई तं सांगायची."

अन् मी काय म्हणालो? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बायको गेलेली, आता कोणाचं भेव? मी म्हणालो, "पुन्हा आली असन."

डॉक्टरणीनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, ये दोबारा नहीं आती दादा. बस, एवढंच. मग पुन्हा फोटोकडं पाहिलं. पण वर्षाले राग आला. माझा नाही — त्या जुन्या डॉक्टरचा. म्हणे, म्हणजे त्यानं तुमची चुकीची काढली. चांगला दात काढला अन् खराब ठेवला. पूर्ण रस्ताभर स्कूटीवर त्या बिचाऱ्याले बोलत राहिली. म्हणे, आईलेही असंच केलं असन त्या दुसऱ्यानं, कसाई आहेत सगळे. म्हणे, जिवंत असन तं जाऊन सुनावते त्याले.

मी मागं बसून ऐकत होतो. तिच्या खांद्यावर माझा हात होता. माझ्या खोट्याचा भार आता दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन राहिला होता, अन् मी अजूनही मानच हलवून राहिलो होतो.

आठ दिवसांपूर्वी काढली. पाऊण तास लागला. डॉक्टरणीनं आधीच सांगतलं, या वयात दाढ हाडाले चिकटून जाते, दादा, धीर धरा. आवाज आला, तोच, लाकडाचा. मी खुर्चीचे हात धरले. पाय एकावर एक दाबले. डोळ्यातून पाणी आलं, मी येऊ दिलं. ती म्हणाली, दर्द हो रहा है? मी मान आडवी हलवली. दुखत नव्हतं. तिनं मले दाढ दाखवली. एवढीशी, काळपट, मुळ्या एकमेकीत अडकलेल्या. मी बनवली होती ती लय देखणी होती. विचारलं, घर ले जाएंगे? मी नको म्हटलं.

त्याच दिवशी घरी येऊन ही वही काढली. वर्षाच्या पोरानं अर्धी सोडलेली. तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं, लिहिता येत होतं. रोज थोडं लिहिलं, मग सगळं पहिल्यापासून पुन्हा उतरवून काढलं. आज शेवटचं पान. अन् तुम्हाले सांगतो, लाज वाटून राहिली, पण तिच्याहून जास्त हलकं वाटून राहिलं. आंघोळ केल्यासारखं. इतकं सोपं होतं हे? इतकं सोपं होतं अन् मी पंधरा वर्षं तोंडात धरून बसलो?

लिहायले बसलो तेव्हा कोण वाचन हे माहीत नव्हतं, आता ठरवलं — वही मी वर्षाच्या डब्यावर ठेवणार आहे. उद्या ती डबा घेईन तं वही बी घेईन. ती मराठी अडखळत वाचते, हिंदीच जास्त येते तिले, पण वाचून काढन. मग तिले जे करायचं ते करन. माझ्याशी बोलणार नाही, तं नाही बोलणार. डबा बंद करन, तं मी भात शिजवून खाईन.

तिनं आपल्या पोराले हे सांगावं असं बी मी म्हणत नाही. मी काहीच म्हणत नाही. जे होतं ते होतं.

शांता भित्री नव्हती. ती दीड तास त्या खुर्चीत बसली. मी दहा मिनिटं बी बसलो नाही.